मुलं तेवीस, खुर्च्या सहाशे: अमेरिकेतल्या छोट्या गावात मुलाचं ग्रॅज्युएशन पार पाडताना

थोरल्याचा हायस्कूलचा शेवटचा, म्हणजे बारावीचा, वर्ग तेवीस मुलांचा होता. पालकांच्या पहिल्या बैठकीत मी हिशेब मांडला: प्रत्येकाचे आईवडील, आजीआजोबा, एखादं भावंड, म्हणजे दोनशे खुर्च्या रग्गड. शाळेच्या सेक्रेटरीबाई नुसत्या हसल्या. समारंभाच्या दिवशी जिममध्ये, म्हणजे शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, सहाशेच्या वर माणसं होती आणि आमच्या गावाची वस्ती दीड हजाराच्या आत आहे. त्यातल्या निम्म्या लोकांचं त्या वर्गात कुणीच नव्हतं. ते तरीही आले होते, इस्त्रीचे शर्ट घालून.

आम्ही नेब्रास्कात राहतो. दोन मुलांची ग्रॅज्युएशनं या एकाच शाळेत झाली आणि दोन्ही वेळा मी पालक समितीत होते. दवाखाना, नोकरी, संशोधन अशा कारणाने बरीच मराठी कुटुंबं अशा गावांत येऊन पडतात आणि मोठ्या शहरातल्या नातेवाइकांचे सल्ले इथे लागू होत नाहीत. तिकडे माणशी चार तिकिटं मिळतात, स्टेडियममध्ये पाचशे नावं वाचली जातात, पालक टाळ्या वाजवून घरी जातात. छोट्या शाळेत पालक हा पाहुणा नसतो. हे गावाचं लग्नघर आहे आणि तुम्ही घरचे आहात, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप कळतं.

गाव एवढं का लोटतं याला कारण आहे. १९३९–४० मध्ये अमेरिकेत एक लाख सतरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग, होते. एकत्रीकरण होत होत आज तेरा-चौदा हजार उरलेत. शाळा शेजारच्या गावात विलीन झाली की मॅच, बँड, नाटक, सगळंच तिकडे जातं. मुलं कमी पडतात म्हणून इथे खेळसुद्धा बदलून घेतलेत: अकरा मुलं जमत नाहीत म्हणून सहा जणांचं अमेरिकन फुटबॉल १९३४ मध्ये स्टीफन एप्लर यांनी याच राज्यातल्या हेब्रन गावात सुरू केलं. त्यामुळे दरवर्षी बाहेर पडणारा वर्ग म्हणजे शाळा अजून चालू असल्याचा पुरावा, आणि तो पाहायला गाव येतं.

शाळा सुरू होताच: कागदपत्रं आणि नाव

सीनियर इयर, म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष, ऑगस्टमध्ये सुरू होतं. त्याच महिन्यात शाळेच्या काउन्सेलरला भेटून क्रेडिटची, म्हणजे विषय पुरा केल्यावर खात्यात जमा होणाऱ्या गुणांची, यादी मागा. किती क्रेडिट लागतात, कोणते विषय सक्तीचे, हे राज्य आणि डिस्ट्रिक्टप्रमाणे बदलतं. आपलं मूल हुशार आहे म्हणून सगळं झालंच असेल असं धरून चालू नका. दुसऱ्या राज्यातून किंवा भारतातून मध्येच आलेल्या मुलांच्या बाबतीत अर्धं क्रेडिट कुठेतरी अडकलेलं असतं आणि ते नेमकं एप्रिलमध्ये उगवतं. छोट्या शाळेत एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो, त्यामुळे तो ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजमधून भरून काढायला वेळ हवा.

दुसरं, डिप्लोमावरचं, म्हणजे शाळा पुरी केल्याच्या प्रमाणपत्रावरचं, नाव. शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं, कधी आईवडिलांनी फॉर्म भरताना ते गाळलेलं असतं, पासपोर्टवर तिसराच प्रकार. शाळा साधारण हिवाळ्यात छापायच्या नावांची यादी सहीसाठी पाठवते. ती मुलाच्या दप्तरात चुरगळून पडू देऊ नका. पासपोर्ट शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा.

भारतातून आजीआजोबा यायचे असतील तर तेही याच वेळी सुरू करा. व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नसतो. शाळेच्या कॅलेंडरमध्ये समारंभाची तारीख आधीच ठरलेली असते. मध्य पश्चिमेत बहुधा मेचा पहिला किंवा दुसरा आठवडा, ईशान्येकडे पार जून उजाडतो. व्हिसा नाहीच मिळाला तर लाइव्ह प्रक्षेपण आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

टोपी, गाऊन आणि अनाउन्समेंट

टोपी-गाऊन विकणाऱ्या कंपनीचा माणूस शरद ऋतूत शाळेत येतो आणि मुलांच्या हाती एक जाडजूड पाकीट देऊन जातो. त्यात टोपी-गाऊनपासून अंगठी, किचेन, टी-शर्टपर्यंत सगळं असतं आणि 'पॅकेज' अशा खुबीने बांधलेली असतात की नको ते घ्यावंसं वाटतं. लागतं काय? टोपी, गाऊन, त्या वर्षाचा आकडा लटकवलेला गोंडा. बस्स. अंगठी मुलाला खरंच हवी असेल तर घ्या. आमच्याकडची एक फुटबॉलच्या मोसमात हरवली आणि दुसरी ड्रॉवरमध्ये आहे. थोरल्या मुलांचे गाऊन रंग तोच असेल तर उसने मिळतात, गावात विचारायला लाजू नका.

अनाउन्समेंट म्हणजे आमंत्रण नव्हे, ही बातमी आहे. ती पुण्याच्या आत्यालाही जाते आणि मुलाच्या जुन्या बालवाडीच्या बाईंनाही. कंपनीकडून पंचवीस घ्या आणि बाकीच्यांना फोटोचं साधं कार्ड छापा.

गाऊन पॉलिएस्टरचा असतो. पाकिटातून निघतो तेव्हा त्याला घड्यांचे चौकोन पडलेले असतात. न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत टांगून ठेवा. इस्त्री करायचीच झाली तर उलट्या बाजूने, सगळ्यात कमी आचेवर. मी सुती कपड्याच्या आचेवर फिरवली आणि बाहीवर तळहाताएवढा चकचकीत डाग पडला. थोरल्याने तो हात सगळा वेळ मागे धरला होता, सगळ्या फोटोंत दिसतं.

गाऊनखाली काय घालायचं हा तुमचा प्रश्न. गाऊनवर काय घालायचं हा शाळेचा. नॅशनल ऑनर सोसायटी या हुशार मुलांच्या संघटनेची गळ्यात घालायची दोरी, एफएफएची निळी-सोनेरी दोरी, ऑनर रोलची पट्टी, याचे नियम ठरलेले असतात. एफएफए ही शेतीशिक्षण घेणाऱ्या मुलांची संघटना, १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झालेली, आणि शेतकरी गावात तिच्या दोरीचा मान मोठा असतो. तुम्हाला उपरण्यासारखं काही किंवा पैठणीच्या काठाचा पट्टा घालायचा असेल तर मार्चमध्येच प्रिन्सिपलना लेखी विचारा. छोट्या शाळेत बहुतेक वेळा होच येतं, पण ऐनवेळी दारात विचारलं तर बिचाऱ्यांना नाही म्हणावं लागतं. आणि गाऊनखाली खरी पैठणी नको. मेमध्ये जिमचं तापमान काय होतं ते पाहिलंय मी.

वर्गाचे निर्णय

हिवाळ्यात वर्ग बसून चार गोष्टी ठरवतो: वर्गाचं ब्रीदवाक्य, फूल, रंग आणि गाणं. हे मुलांचं काम, तिथे पालकांनी नाक खुपसू नये. तुमचं काम पैशाचं. वर्षभर बास्केटबॉलच्या मॅचला कन्सेशन स्टँड चालवून वर्गाने पैसे साठवलेले असतात, म्हणजे हॉट डॉग आणि पॉपकॉर्न विकलेले असतात, आणि ते विकायला तुम्हीही उभे राहिलेले असता. नसाल राहिलात तर यंदा राहा. गावातली निम्मी ओळख त्या खिडकीतून होते.

प्रार्थना कुठे आणि का

आपल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. समारंभाच्या आधीच्या रविवारी किंवा बुधवारी एखाद्या चर्चमध्ये 'बॅकलॉरिएट' असतं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी प्रार्थनासभा. ते शाळेचं नसतं. गावातल्या चर्चेस मिळून करतात आणि जाणं ऐच्छिक असतं. हे वेगळं असण्यामागे मोठा भाग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या 'ली विरुद्ध वाइझमन' निकालाचा आहे. रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातलं प्रकरण. सरकारी शाळेने आपल्या पदवीसमारंभात धर्मगुरूला बोलावून प्रार्थना करवणं घटनेत बसत नाही, असं न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. तेव्हा मुलाला जायचं नसेल तर संकोच नको, कुणाला कारणही द्यावं लागत नाही. आमचा थोरला गेला, कारण सगळे मित्र होते आणि नंतर खायला 'पाय' नावाचा गोड पदार्थ होता. धाकटी गेली नाही. दोघांनाही कुणी काही विचारलं नाही.

नाव: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

समारंभ तासाभराचा. त्यात तुमच्या मुलाच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं आणि त्या पाऊण मिनिटात मुख्य गोष्ट एकच, नाव. माझ्या मुलीच्या नावात 'ज्ञ' आहे. आपण त्याचं स्पेलिंग 'डी एन वाय' असं करतो, आणि ते वाचून इंग्रजी जीभ जे काही करते ते ऐकवत नाही. बारा वर्षं ज्या शाळेत तिला सगळे लाडक्या नावाने हाक मारत होते, तिथे पूर्ण नाव कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं.

काय करायचं ते सांगते. नाव वाचणारी व्यक्ती कोण आहे ते एप्रिलमध्ये विचारून घ्या. बहुधा प्रिन्सिपल किंवा काउन्सेलर. मुलाने स्वतःच्या आवाजात पूर्ण नाव तीनदा हळू म्हणून फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं. शिवाय कार्डावर मूळ स्पेलिंगच्या खाली उच्चाराप्रमाणे तोडून लिहायचं, जोर कुठे द्यायचा ते अधोरेखित करून. 'ज्ञ'च्या जागी 'डी' गाळून टाका. 'थ' असेल तर वाचणारा हमखास 'थँक यू'मधला 'थ' काढतो, म्हणून अथर्वने 'एच' गाळून 'त' करून घेतलेला बरा. शुद्ध नाही, पण ओळखू येतं. आडनाव सोडू नका. 'कर'ने संपणाऱ्या आडनावांचा शेवट इथे 'कार' होतो आणि त्यावर फार लढण्यात अर्थ नाही. मग रंगीत तालमीला मुलाने प्रत्यक्ष जाऊन एकदा ऐकायचं, आणि चुकलं तर तिथेच सांगायचं. आपली मुलं 'इट्स फाइन' म्हणून मोकळी होतात. त्यांना आधीच बजावा: हे फाइन नाही.

छोट्या शाळेत नावाबरोबर आईवडिलांची नावं आणि पुढचा बेतही वाचतात: अमुक विद्यापीठात जाणार, सैन्यात भरती होणार, वडिलांबरोबर शेती करणार. तीनही वाक्यांना सारख्याच टाळ्या पडतात, आणि आपल्यासारख्या टक्क्यांवर वाढलेल्या माणसाने हे एकदा कान उघडे ठेवून ऐकावं. तुमची नावंही त्या कार्डावर असतील, तेव्हा त्यांचेही उच्चार द्या.

समारंभ कसा उलगडतो

बँड वाजवायला लागतो ती धून म्हणजे एल्गार यांची १९०१ ची 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' मार्च क्रमांक एक, तिचा मधला संथ भाग. १९०५ मध्ये येल विद्यापीठाने एल्गारना मानद पदवी दिली तेव्हा ती वाजली आणि मग अमेरिकेने सोडलीच नाही. तेवीस मुलं दोन-दोनच्या जोडीने आत यायला फार वेळ घेत नाहीत, त्यामुळे मुलांना हळू चालायला शिकवावं लागतं: एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. बँडमधली निम्मी मुलं स्वतःच ग्रॅज्युएट होत असतात, म्हणून त्या दिवशी बँड बारीक वाजतो. इथे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग राष्ट्रगीत, स्वागत, दुसऱ्या क्रमांकाच्या म्हणजे सॅल्युटेटोरियनचं भाषण, पहिल्या म्हणजे व्हॅलेडिक्टोरियनचं भाषण, लहानपणापासूनच्या फोटोंचा स्लाइड शो, फुलं, डिप्लोमा, गोंडा उजवीकडून डावीकडे, टोप्या वर. टोप्या उडवण्याची चाल नौदल अकादमीत १९१२ ला सुरू झाली असं सांगतात. त्या वर्षापासून पदवीबरोबरच अधिकारीपद मिळू लागलं आणि जुन्या टोप्यांची गरज उरली नाही. जिममध्ये उडवलेली टोपी टोकावर पडली तर लागते. पुढच्या रांगेत तान्ही मुलं बसवू नका.

भाषणाबद्दल एकच. तुमच्या मुलाचं असेल तर त्याला खोलीत नव्हे, रिकाम्या जिममध्ये खऱ्या माइकवर वाचू द्या. जिममध्ये आवाज घुमतो. घरी चार मिनिटांचं भाषण तिथे साडेपाच मिनिटांचं होतं, कारण प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागतं. शिक्षकांची नावं घेऊन केलेले विनोद इथे चालतात, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. पण म्हणूनच एखादा विनोद चुकला तर तो पुढची वीस वर्षं किराणा दुकानात भेटतो.

फुलांचा भाग आमच्याकडे मोठा असतो. मुलं मंचावरून उतरून आईवडिलांना एकेक गुलाब देतात. समितीत असाल तर मुलाला दोन अशा हिशेबाने फुलं मागवू नका. सावत्र आईवडील असतात, आजीने वाढवलेली मुलं असतात, एखाद्याला एकच पुरतं. प्रत्येक मुलाला एकटं गाठून 'तुला किती लागतील?' एवढंच विचारा. का, कुणाला, हे विचारू नका. वर सहा-सात जास्तीची ठेवा. कुणाचे आईवडील किंवा वर्गमित्रच गेलेला असेल तर रिकामी खुर्ची ठेवायची की नाही हे त्या घरच्यांनी ठरवायचं, समितीने नव्हे.

थोरला फूल देऊन आजीच्या पाया पडायला वाकला आणि टोपी थेट तिच्या मांडीत. नमस्कार करायचा असेल तर डाव्या हाताने टोपी धरायची तालीम घरी करून घ्या.

डिप्लोमा स्कूल बोर्डाचे अध्यक्ष देतात. बोर्डाच्या सभासदाचं स्वतःचं मूल वर्गात असेल तर तोच पुढे येऊन देतो. अशा वेळी मागून कुणीतरी शिट्टी मारतंच. हातात येणारं पुठ्ठ्याचं कव्हर पुष्कळदा रिकामं असतं. खरा कागद गाऊन, पुस्तकं आणि जेवणाच्या खात्याची बाकी चुकती केल्यावर मिळतो. घाबरून सेक्रेटरीबाईंकडे धावू नका, मी धावले होते.

शेवटी मुलं बाहेरच्या व्हरांड्यात एका ओळीत उभी राहतात आणि सगळं गाव प्रत्येकाशी हात मिळवत पुढे सरकतं. याला तासभर सहज लागतो. आजीआजोबांसाठी तिथे खुर्ची ठेवा, पाणी ठेवा, आणि 'आता निघूया' हे वाक्य तोंडातून काढू नका.

जिमची तयारी

लाकडी फरशीवर ताडपत्री, त्यावर खुर्च्या, बाकीचे लोक ब्लीचर्सवर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर. मधली वाट व्हीलचेअर जाईल एवढी, आणि मंचाला उतार हवा. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा आहेच, पण पायऱ्या न चढू शकणाऱ्या आजीच इथे शंभर निघतात. मोठे पंखे आदल्या रात्रीपासून लावा आणि भाषणं सुरू झाली की बंद करा, नाहीतर माइकमध्ये नुसती वावटळ. फोटो काढायला एकच माणूस नेमा आणि तसं छापून टाका, म्हणजे बाकीचे पालक फोन घेऊन वाटेत उभे राहत नाहीत.

लाइव्ह प्रक्षेपणात एक खोच आहे. एल्गारची रचना आता मुक्त आहे, तुमचा बँड वाजवत असेल तर अडचण नाही. पण स्लाइड शोमागे एखादं लोकप्रिय गाणं लावलंत की फेसबुक किंवा यूट्यूब आवाज बंद करतं, कधी प्रक्षेपणच तोडतं. नेमकं त्याच वेळी भारतात पहाटे उठून बसलेली आत्या फोन करते. स्लाइड शो सुरू होताना प्रक्षेपणाचा आवाज आपणच बंद करा आणि परत चालू करायला एका माणसाला बजावून ठेवा.

ओपन हाउस

खरी कसोटी इथे. प्रत्येक घर आपल्या मुलाचं ओपन हाउस ठेवतं: घरी, गॅरेजमध्ये, ट्रॅक्टर बाहेर काढून धुतलेल्या शेडमध्ये. पाहुणे सगळ्यांचे तेच. म्हणून जानेवारीतच वर्गाच्या पालकांनी एक सामायिक यादी करून तारखा आणि वेळा वाटून घ्यायच्या. आम्ही पहिल्या वेळी हे न विचारता शनिवारी दुपार धरली. त्याच वेळी आणखी तीन घरं होती आणि गावातली माणसं चार ठिकाणी पोट वाटून जेवली.

वेळ दोन ते तीन तासांची ठेवा. लोक येतात, मुलाशी बोलतात, टेबलावर मांडलेले लहानपणीचे फोटो आणि पदकं पाहतात, टोपलीत कार्ड टाकतात, खातात, जातात. बसवून वाढायचं नाही. आग्रह करायचा नाही, हे आपल्याला जड जातं.

खाण्याचं म्हणाल तर इथे डुकराच्या मांसाचे बन, बटाट्याचं सॅलड आणि केक हा ठरलेला बेत. आपण काय करावं? बटाटेवडे नकोत. शंभर वडे तळून होईपर्यंत पहिले पन्नास गार होतात आणि यजमानीण कढईपाशी अडकते. पावभाजी करा. बनमध्ये भरायचा लाल रस्सा त्यांच्या ओळखीचा आहे. शेजारच्या आजोबांनी तिला 'मसाल्याचा स्लॉपी जो' (इथला बनमधला खिमा) म्हटलं आणि तीनदा घेतली. सहा क्वार्टचे तीन स्लो कुकर म्हणजे सतरा लिटर, दीडशे माणसांना दुसऱ्या पदार्थांबरोबर पुरते. तिखट अर्धं करा आणि वेगळी वाटी ठेवा. आदल्या दिवशी शिजवून, थंड करून, सकाळी गॅसवर चांगली उकळून मगच स्लो कुकरमध्ये ओता. स्लो कुकर गरम ठेवतो, फ्रीजमधलं गार अन्न वेळेत तापवत नाही. झाकणाखाली १४० फॅरनहाइटच्या वर राहिली पाहिजे. दुधाच्या पदार्थांची पाटी लावा, दाण्यांची तर नक्कीच.

रात्रीबद्दल: शाळेत किंवा गावाच्या हॉलमध्ये पालक रात्रभराची पार्टी ठेवतात. समारंभानंतर दारू पिऊन गाडी चालवण्याने होणारे अपघात टाळायला 'प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन' नावाची ही पद्धत १९८० मध्ये मेन राज्यात सुरू झाली. दारं आतून लावतात, खेळ, बक्षिसं, पिझ्झा, पहाटे नाश्ता. तुम्हाला पहाटे दोन ते चारची पाळी मिळेल. नवख्यांना तीच मिळते.

नंतरचं

काउन्सेलरकडून अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, कॉलेजला गेलं का ते जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारा. उन्हाळ्यात शाळेचं ऑफिस काही दिवसच उघडं असतं.

मेच्या अखेरीस येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुमारास कित्येक गावांत माजी विद्यार्थ्यांचं जेवण असतं. नव्या वर्गाला उभं करून नावं सांगतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचा वर्ग शेजारच्या टेबलावर असतो. मूल कंटाळेल, तरी न्या.

आणि आभाराची पत्रं. हाताने लिहिलेली, प्रत्येक कार्डाला एक. म्हणून ओपन हाउसच्या रात्रीच कार्डं उघडताना वहीत नाव आणि आत काय होतं ते लिहून ठेवा, नाहीतर दहा डॉलर देणाऱ्या बाईंना 'सुंदर टॉवेलबद्दल आभार' जातं. आमच्याकडून गेलं. त्यांनी ते पत्र फ्रीजवर लावलंय, येता-जाता दाखवतात.